पालकांनी नोंद घ्यावी

'सर्व पालकांना कळविण्यात येते की' ह्या वाक्याला कर्ता नाही. आमच्या लहानपणी व्याकरणाच्या तासाला हे वाक्य देऊन कोणी कर्ता ओळखायला सांगितला असता, तर वर्गच्या वर्ग बाकावर उभा राहिला असता. कळवणारा कोण? मुख्याध्यापिका म्हणाव्यात, तर खाली सही त्यांची असते, पण वाक्यात त्या कुठेही नसतात. मी बँकेत बावीस वर्षं काढल्यामुळे मला ह्या वाक्यांचं भय उरलेलं नाही. आमच्याकडेही 'असे निदर्शनास आले आहे' म्हणून परिपत्रकं येतात. कोणाच्या निदर्शनास आलं, हे विचारायचं नसतं. विचारलं की आपण निदर्शनास येतो.

चिरंजीव तिसरीत आहेत. त्यामुळे गेली तीन वर्षं प्राथमिक शाळेच्या सूचना हे माझं नित्य वाचन झालं आहे. पूर्वी त्या वहीत यायच्या, आता मोबाइलवर येतात, एवढाच काय तो फरक. भाषा तीच, आणि त्या भाषेतला सगळ्यांत तयारीचा शब्दही तोच : 'काही'. 'काही पालक मुलांना वाढदिवसाला महागड्या भेटवस्तू वाटू देतात.' 'काही पालक डब्यात रोज नूडल्स देतात.' 'काही पालक फाटकासमोर दुचाकी आडवी लावतात.' ही सूचना वाचल्यावर प्रत्येक घरात एकच प्रतिक्रिया होते. आई म्हणते, "बरं झालं सांगितलं! लोकांना कळतच नाही." सगळे पालक ती वाचतात, सगळ्यांना ती पटते आणि 'काही पालक' मात्र कोणालाही भेटत नाहीत. देवाबद्दलही अशीच परिस्थिती आहे, पण त्याच्याविषयी निदान वाद तरी होतात.

दुसरा प्रकार हस्तव्यवसायाच्या सूचनेचा. ती रात्री नऊ चाळीसला येते. 'उद्या येताना विद्यार्थ्यांनी एक रिकामी आगपेटी, नारळाची एक करवंटी (स्वच्छ), थोडी लोकर व तीन वेगवेगळ्या आकारांची पाने आणावीत.' कंसातल्या त्या 'स्वच्छ'पुढे मी हात जोडतो. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाकडे रात्री दहा वाजता करवंटी असण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे नारळ फोडणे. आम्ही फोडला. करवंटी शाळेत गेली आणि खोबरं घरी राहिलं. पुढचे चार दिवस आमच्याकडे ओल्या नारळाची चटणी, नारळाची कढी आणि नारळीभात होता. पाचव्या दिवशी सूचना आली, 'मुलांचा आहार चौरस असावा.'

हे सगळं गमतीचं झालं. पण परवा एका सूचनेवरून आमच्या पालक-शिक्षक संघात जो वाद झाला तो मात्र माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख.

२०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. ही गोष्ट खातेदारांच्या लक्षात राहत नाही, पण सभा बोलावणारांच्या पक्की लक्षात राहते. चिठ्ठ्या टाकून कार्यकारिणी निवडली त्यात माझं नाव निघालं होतं. शिवाय बँकेतला माणूस, म्हणजे ह्याला पैशातलं कळतं असा एक समज आहे. तो आमच्या बँकेतसुद्धा कोणी पसरवत नाही. असो. तर दुसऱ्या शनिवारी अकरा वाजता आम्ही तिसरी-ब च्या बाकांवर, गुडघे हनुवटीशी घेऊन बसलो. ते बाक मुलांच्या मापाचे असतात. मोठ्या माणसांना नम्र करण्याची ह्याहून स्वस्त युक्ती माझ्या पाहण्यात नाही.

विषय असा. राज्य सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत आदेश काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, मुलांची झोप व्हावी म्हणून. आमची प्राथमिक शाळा तेव्हापासून नऊला भरते आणि दोनला सुटते. मुलांची झोप झाली, पण दुपारी दोन ही वेळ आईबापांपैकी कोणाच्याच मालकीची नसते. कोणाची आजी येते, कोणाची रिक्षा येते. आमचे तीर्थरूप एक चाळीसलाच फाटकाशी उभे असतात. रेल्वेतून निवृत्त झाल्यामुळे गाडी वेळेवर येते ह्यावर त्यांचा विश्वास नाही, पण आपण आधी पोहोचलं पाहिजे ह्यावर आहे. सगळे तसे नसतात. रोज सहा-सात मुलं मागे राहतात. अडीच वाजतात, कधी पावणेतीन. तोवर एक बाई आणि एक मावशी त्यांच्यापाशी थांबतात.

मुख्याध्यापिकांनी ह्याबद्दल स्मरणपत्रं पाठवली होती. मी ती क्रमाने वाचली आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. थकलेल्या कर्जदाराला आम्ही अशीच पाठवतो. पहिल्यात 'नम्र विनंती', दुसऱ्यात 'पुनश्च स्मरण', तिसऱ्यात 'गांभीर्याने नोंद घ्यावी', चौथ्यात नम्रही नाही आणि पुनश्चही नाही. प्रत्येक स्मरणपत्राला मोबाइलवर साठ-साठ नमस्कार आले होते. नमस्कार करून लोक उशिरा येत होते.

"आता दंडच करा," एक गृहस्थ म्हणाले. "दहा मिनिटांच्या पुढे गेलं की पन्नास रुपये."

सगळ्यांनी माना हलवल्या. एका ताईंना मात्र 'दंड' हा शब्द कडक वाटला. शाळा आहे, चौकी नव्हे. त्यांनी 'विलंब शुल्क' सुचवलं. तेही सर्वानुमते पसंत पडलं. इतक्यात मागच्या बाकावरचे एक बांधकाम व्यावसायिक, ज्यांचा ड्रायव्हर रोज आपल्या सोयीने येतो, ते मनापासून म्हणाले, "हे बेस्ट झालं. आमचं रोजचंच आहे. वर्षाचं एकदम भरलं तर काही सूट?"

त्यांना हसू नका. त्या खोलीत खरं अर्थशास्त्र त्या एकट्यालाच समजलं होतं. मी बी.कॉम. आहे, तेही द्वितीय श्रेणीत, आणि मला ते समजायला घरी जाऊन वामकुक्षी घ्यावी लागली.

दंड आणि शुल्क ह्यांत फरक काय? पैसे दोन्हीकडे तेवढेच जातात. पण दंड भरणारा म्हणतो, 'मी करायला नको होतं.' शुल्क भरणारा म्हणतो, 'मी घेतलं, त्याचे दिले.' दंडाच्या पावतीवर मान खाली जाते, शुल्काच्या पावतीवर माणूस मोड मोजून घेतो. आमच्याकडे खात्यात पैसे नसताना दिलेला चेक परत आला तर बँक आकार लावते. आकार म्हणजे किंमतच. गिऱ्हाईक तो कपाळाला आठी घालून भरतो, पण लाजत नाही. उलट मलाच विचारतो, "साहेब, एवढा चार्ज?" तेच १ एप्रिल १९८९ पासून चेक न वटणं हा कलम १३८ खाली गुन्हा झाला, तुरुंगाची तरतूद आली, आणि त्याच माणसाच्या हाती समन्स पडलं की तो आवाज खाली घेऊन बोलतो. चेक तोच, रक्कम तीच. आकारात त्याने काहीतरी विकत घेतलेलं असतं, आणि गुन्ह्यात त्याने कोणाला तरी फसवलेलं असतं.

ह्यावर परदेशात प्रयोगही झालेला आहे. इस्रायलमध्ये हैफा शहरात १९९८ साली उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी ह्या दोन अर्थतज्ज्ञांनी दहा पाळणाघरं निवडली. तिथेही आमचंच दुखणं : चार वाजता मूल न्यायचं आणि आईबाप उशिरा यायचे. त्यांतल्या सहा पाळणाघरांत पाचव्या आठवड्यापासून दंड सुरू केला, दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर मुलामागे दहा शेकेल. उरलेल्या चारांत काहीच केलं नाही. आता तुम्ही-मी म्हणू की दंडाने उशीर कमी झाला असेल. उशीर वाढला. हळूहळू जवळजवळ दुप्पट झाला. दंड नसलेल्या चार ठिकाणी होतं तसंच राहिलं. २००० साली त्यांनी हे छापलं तेव्हा शीर्षकच दिलं, 'अ फाइन इज अ प्राइस'. आमच्या बांधकाम व्यावसायिकांनी ते वाचलेलं नसणार, पण मागच्या बाकावरून त्यांनी तेच सांगितलं होतं.

मला त्याहून धक्का दिला तो पुढच्या भागाने. सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला. तरी उशीर खाली आला नाही. जी लाज दंडाआधी थोडीफार होती, ती दंडाबरोबर गेली आणि दंड गेल्यावर परत आली नाही. माझ्या हिशेबी ह्याचं कारण सोपं आहे. बाईंचं थांबणं ही आधी त्यांची मेहेरबानी होती. मग ते दहा शेकेलला मिळू लागलं. मग ते फुकट मिळू लागलं. एकदा भाव लागलेली वस्तू फुकट झाली तर गिऱ्हाईक तिला मेहेरबानी म्हणत नाही, सेल म्हणतं.

हे सगळं अर्थतज्ज्ञांनी शोधलं असं समजून आपण फार हरखून जायला नको. आपल्या धर्मशास्त्रात प्राजापत्य कृच्छ्र नावाचं प्रायश्चित्त आहे. बारा दिवसांचं. तीन दिवस फक्त सकाळी जेवायचं, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता मिळेल ते, आणि शेवटचे तीन दिवस कडकडीत उपास. आता बारा दिवस कोणाला वेळ आहे? म्हणून त्याच्याऐवजी एक गाय द्यावी अशी सोय झाली. गाय तरी कुठून आणायची? म्हणून गायीची किंमत. आज आपल्याकडे वास्तुशांतीला गुरुजी 'गोप्रदान' म्हणतात तेव्हा आपण पाटावर अकरा रुपये ठेवतो, आणि अकरा रुपयांत येणारी ती गाय आपल्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय चढून येते. बारा दिवसांच्या उपासाचा हिशेब असा अकरा रुपयांवर मिटला. मी टीका करत नाही. मी स्वतः अकरा रुपयेच ठेवतो, आणि तेसुद्धा सुटे. पण मूळ प्रायश्चित्तातला माणूस बाराव्या दिवशी जसा असेल, तसा अकरा रुपये ठेवणारा नसतो, एवढं मान्य करायला हरकत नाही.

सभेत हे मी एवढं सविस्तर बोललो नाही. बोलू दिलं नसतं. मी फक्त एवढंच विचारलं, की पन्नास रुपये कोणाला पन्नास रुपये आहेत? आमच्या वर्गात शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्क्यांतून आलेली मुलं आहेत. त्यांतल्या एकीची आई तीन घरी पोळ्या करते. तिसऱ्या घरी एक आजी अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यांना भरवून मग ती निघते. तिला मंगळवारी हमखास उशीर होतो, कारण मंगळवारी त्या घरचा डॉक्टर येतो. ती शनिवारच्या सभेला नव्हती. शनिवारीही तीन घरं असतात. मागच्या बाकावरच्या गृहस्थांना पन्नास रुपये ही एक सोय आहे. तिला ते एका घरच्या दोन दिवसांच्या पोळ्या आहेत.

"मग त्यांना सूट देऊ," त्याच शुल्कवाल्या ताई म्हणाल्या. ताई मनाच्या चांगल्या आहेत, हे मी आधीच सांगायला हवं होतं. पण सूट द्यायची म्हणजे यादी करायची, यादी करायची म्हणजे ती फाटकावरच्या मावशींकडे ठेवायची, आणि मग दारिद्र्याचा दाखला आणून उशीर करायचा. इकडे पैशाने उशीर विकत घ्यायचा, तिकडे गरिबी दाखवून तो माफ करून घ्यायचा. दोन्हींमध्ये जिला थांबावं लागतं ती बाई कुठेच नाही.

मुख्याध्यापिकांनी मला अगदी रास्त प्रश्न केला. "तुम्ही म्हणता दंड नको. स्मरणपत्रांचा उपयोग होत नाही, हे तर तुम्ही बघताच आहात. मग मी करू काय?"

ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तत्त्वज्ञान सांगणाऱ्याची अशी अडचण नेहमी होते. कर्तव्य हे कोणी आठवण करून दिल्यावर केलं तर ते कर्तव्य राहतं का, हा मला पडलेला दुसरा प्रश्न होता, पण तो त्या वेळी विचारण्यात अर्थ नव्हता.

तेव्हा बाई बोलल्या. आमच्या मुलाच्याच वर्गाच्या. थांबायची पाळी नावाला सगळ्यांची असते, पण बहुतेक वेळा ती त्यांच्यावरच येते, कारण बाकीच्यांच्या गाड्या ठरलेल्या. त्या तोवर कोपऱ्यात फळ्याला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मला पन्नास रुपये नकोत हो. मला दोन दहाला निघायला मिळू दे. माझा मुलगा स्टेशनच्या पलीकडे शाळेत आहे, दुसरीत. त्याची अडीचला सुटते. इथे पावणेतीन झाले की तो तिकडे वॉचमनच्या खुर्चीपाशी बसून राहतो."

आणि मग जरा हसून, "मला पण येतात ना त्या शाळेच्या सूचना. 'काही पालक वेळेवर येत नाहीत' म्हणून."

वर्गात कोणी काही बोललं नाही. पंखा फिरत होता तेवढाच. सगळ्यांना छळणारा तो 'काही पालक' मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच प्रत्यक्ष दिसला, आणि तो आमच्याच मुलांपायी तसा झालेला होता. तिकडच्या शाळेनेही उद्या विलंब शुल्क लावलं, तर ते बाईंनी भरायचं, आणि आमच्या मागच्या बाकावरच्या गृहस्थांनी ते इकडे सवलतीच्या दराने आगाऊ भरून टाकलेलं असायचं. दोन्ही शाळांची कीर्द पै-पैशाने जुळेल. तो पोरगा त्या खुर्चीपाशी बसलेलाच राहील.

ठराव मताला टाकला नाही. पुढच्या सभेपर्यंत तहकूब, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. नवीन सूचनेचा मसुदा करण्याचं काम अर्थात माझ्याकडे आलं, कारण बँकवाल्यांचं मराठी सरकारी असतं असाही एक समज आहे. मी चक्क तीन वाक्यं लिहिली आणि तिन्हींना कर्ता दिला. 'शाळा दोन वाजता सुटते. तुम्ही येईपर्यंत बाई थांबतात. तोवर त्यांचा मुलगा दुसऱ्या शाळेच्या दारात थांबतो.' मुख्याध्यापिकांनी दोनदा वाचलं आणि तिसरं वाक्य खोडलं. ते वैयक्तिक होतं, त्यांचं बरोबर होतं. बाईंनाही बहुतेक बरं वाटलं असावं. आपलं पोर कोणाच्या मोबाइलवर दयेसाठी फिरावं असं कोणत्याही आईला वाटणार नाही.

पण मी ते घरी जेवताना बोललो, आणि आमच्या तीर्थरूपांना जगातली कोणतीही गोष्ट वैयक्तिक वाटत नाही. सोमवारी एक चाळीस ते दोन एवढ्या वीस मिनिटांत तिसरं वाक्य फाटकाशी उभ्या असलेल्या प्रत्येक आजी-आजोबांना आणि रिक्षावाल्यांना पाठ झालं. ड्रायव्हरलाही.

ह्याला आता दीड महिना झाला. मागे राहणारी मुलं सहा-सातांवरून दोन-तीनांवर आली आहेत. त्या व्यावसायिकांचा ड्रायव्हर दोनला पाच कमी असताना हजर असतो. साहेबांनी स्वतः सांगितलंय म्हणतो. नूडल्सवाले आणि आडव्या दुचाकीवाले होते तिथेच आहेत. पोळ्या करणाऱ्या बाईंना मंगळवारी अजून उशीर होतो, कारण डॉक्टरने वार बदललेला नाही. मात्र आता त्या आधी शाळेत फोन करतात, आणि तीर्थरूप दोघांनाही पायरीवर घेऊन बसतात, आपल्या नातवाला आणि त्यांच्या मुलीला. वर्गाच्या बाई दोन दहाला सुटतात. मुख्याध्यापिकांनी ह्यासाठी रीतसर अर्ज घेतला. 'मी खाली सही करणार, माझी मुलगी मंगळवारी अमुक गृहस्थांपाशी थांबेल' वगैरे. अर्ज मीच लिहून दिला. त्यावर तिच्या आईने सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं काढत सही केली. दिवसाला शेकडो सह्या ताडून पाहणारा माणूस मी, पण कागदावर काय लिहिलंय हे दोनदा वाचून मग केलेली सही फार दिवसांनी पाहिली.

खारे दाणे आणावेत की नुसते भाजलेले, ह्यावर मात्र पायरीवर एकमत झालेलं नाही. मुलगी खाऱ्यांच्या बाजूची आहे, तीर्थरूपांना रक्तदाब आहे.